ठाण्याहून भुयारात: मावशी, भाचा आणि अ‍ॅक्वा लाइन

शुक्रवार

भाऊबीज आटपली आणि दुसऱ्या दिवशी मिरजेहून मावशी आली. ठाण्याला उतरल्या उतरल्या तिचं ठरलेलं वाक्य, "मुंब्र्याचा बोगदा गेला की मी पिशव्या हातात घेते, मग ठाणं येतंच." बोगदा म्हणजे पारसिकचा, १९१६ सालचा, १.३ किलोमीटर लांब. आमच्या लहानपणी जमिनीखालून रेल्वे म्हणजे तेवढाच काय तो अनुभव, आत शिरलं की डब्यातली सगळी पोरं ओरडायची.

संध्याकाळी दादा आणि त्याचा मुलगा भेटायला आले. भाचा सातवीत आहे आणि सध्या त्याच्या डोक्यात मेट्रोशिवाय दुसरं काही नाही. आल्या आल्या म्हणतो, "मावशीआजी, आज २४ ऑक्टोबर, कलकत्ता मेट्रोचा वाढदिवस, १९८४ साली सुरू झाली, भारतातली पहिली." मावशी म्हणाली, "बरं, मग लाडू खा." आणि बेसनाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला.

त्याचं म्हणणं असं की ९ ऑक्टोबरपासून मुंबईची मेट्रो ३, म्हणजेच अ‍ॅक्वा लाइन, कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीये, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली, आणि आत्याने (म्हणजे मी) मावशीआजीला ती दाखवायलाच पाहिजे. मावशीला मेट्रोचं काही पडलेलं नव्हतं. तिला सिद्धिविनायकाला जायचं होतं, गिरगावात एकदा चक्कर मारायची होती, आणि लोकलमध्ये चढायचं नव्हतं. ठाण्यात राहून लोकलमध्ये न चढता मुंबई, हे म्हणजे अवघडच. पण सुट्टी टाकलेली होती, म्हटलं बघू.

शनिवार

लोकल टळली नाही. मेट्रो ३ ठाण्याच्या आसपासही कुठे येत नाही, त्यामुळे आपल्याला आधी लोकल, मग जे काय ते. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघालो, घाटकोपरला उतरलो, तिथून मेट्रो १ घेऊन मरोळ नाका. ही पहिली मेट्रो २०१४ पासून आहे आणि पूर्ण वरून जाते, असल्फाची ती रंगवलेली घरं डोंगरावर दिसतात, साकीनाक्याचा ट्रॅफिक खाली तुंबलेला दिसतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून जातोय याचं समाधान वेगळंच. मावशी खूश. "हे बरंय, सगळं दिसतं."

मरोळ नाक्याला मात्र खरी मजा. जिथे उतरतो ती मेट्रो रस्त्याच्या वर आणि जी पकडायची ती रस्त्याच्या खाली, त्यामुळे आधी उंचावरून जमिनीवर आणि मग जमिनीतून आणखी खाली, सरकते जिने संपतच नाहीत. ही लाइन बहुतेक ठिकाणी २० ते २५ मीटर खोल आहे, म्हणजे सात-आठ मजली बिल्डिंग उलटी जमिनीत.

आणि मावशीला सरकत्या जिन्याची भीती. मिरजेत तिला तो लागतो कुठे! जिन्याच्या तोंडाशी आली, निऱ्या डाव्या मुठीत धरल्या, उजवा हात पट्ट्यावर ठेवला, पट्टा पुढे निघाला तसा हात काढून घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. एक पायरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि ही "आता... आता..." करत जागच्या जागी झुलतेय, फिरत्या दोरीत उडी घ्यायच्या आधी मुली झुलतात ना अगदी तशी. मागे माणसं खोळंबली पण कोणी काही बोललं नाही, हे विशेष. शेवटी तिथली सिक्युरिटीची मुलगी आली, म्हणाली, "आजी, पायरीकडे बघू नका, माझ्याकडे बघा आणि उजवा पाय टाका." टाकला की! पहिला जिना उतरेपर्यंत डोळे मिटलेले. दुसऱ्याला एक डोळा उघडा. तिसऱ्याला ती भाच्याला सांगत होती, नीट धर, पडशील.

प्लॅटफॉर्मवर पोचलो तर तिचा पहिला प्रश्न, "रूळ कुठायत?" कारण रूळ दिसतच नाहीत. प्लॅटफॉर्मच्या कडेला जमिनीपासून वरपर्यंत काचेची भिंत आहे, तिला दारं आहेत, आणि गाडी आली की गाडीचं दार बरोब्बर त्या दारासमोर थांबतं आणि दोन्ही एकदम उघडतात. भाच्याने लगेच समजावलं, कोणी रुळावर पडू नये म्हणून, आणि स्टेशनातला एसीचा गारवा बोगद्यात वाया जाऊ नये म्हणून. वर ऑक्टोबर हीट, घामाने पाठ भिजलेली, आणि खाली हे असं गार. मावशीने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

मी स्वतः काय बघत होते सांगू का, तर प्लॅटफॉर्मची रुंदी. तीस वर्षं ठाणे स्टेशनच्या पुलावर खांद्याला खांदा लावून चाललेल्या बाईला मोकळा प्लॅटफॉर्म हेच पहिलं सौंदर्य वाटतं. तसं बघायला गेलं तर झुंबरं-बिंबरं काही नाहीत. भाच्याने आदल्या रात्री मला मॉस्कोच्या मेट्रोचे फोटो दाखवले होते, तिथे १९३५ पासून मेट्रो आहे आणि कोम्सोमोल्स्काया नावाचं स्टेशन तर सरळ राजवाडाच, पिवळं छत आणि खाली लटकणारी झुंबरं. आपल्याकडे दगडी फरशी, स्टील, पांढरे दिवे, स्वच्छ. मला तेच बरं वाटलं. झुंबर कोण पुसणार?

गाडी आली, आठ डब्यांची, आत शिरलो, बसायला मिळालं. मावशी सवयीप्रमाणे खिडकीपाशी. आणि मग तिचा हिरमोड झाला, कारण खिडकीत बाहेर मिट्ट काळोख. "काय बघायचं यात?" म्हणाली, मग काचेत स्वतःचं तोंड दिसलं तर केस नीट केले, टिकली सरळ केली. समोरच्या तिघी-चौघी पण तेच करत होत्या.

भाच्याची मात्र कॉमेंट्री चालू. आता टी-टू, आता सहार रोड, आता टी-वन, आजी आपल्या डोक्यावर विमानतळ आहे. सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी, बीकेसी. बीकेसी सुटल्यावर तो एकदम म्हणाला, "आता वर मिठी नदी!" आणि मावशीचे हात आपोआप जोडले गेले. गाडी नदीवरून जाताना नमस्कार करायचा, जमलं तर नाणं टाकायचं ही तिची सवय, पण इथे नदीच गाडीवरून जातेय, तेव्हा तिने मान वर करून छताकडे बघत नमस्कार केला. समोरचा लॅपटॉपवाला मुलगा पण छताकडे बघायला लागला, त्याला वाटलं काही गळतंय.

मिठीवरून विषय नद्यांवर गेला. तर हे बोगदे खणायला एकूण १७ यंत्रं आणली होती, टीबीएम म्हणतात त्यांना, आणि प्रत्येकाला महाराष्ट्रातल्या नदीचं नाव दिलेलं. वैतरणा, तानसा, सूर्या, गोदावरी, तापी, वैनगंगा. पुढे दातांची भलीमोठी गोल चकती फिरते, दगड फोडत जाते, आणि मागोमाग तेच यंत्र सिमेंटच्या तयार तुकड्यांचं कडं बसवत जातं, एक कडं झालं की त्यालाच रेटा देऊन पुढे सरकायचं. मागे यायची सोय नाही, कारण मागे बसवलेलं कडं यंत्रापेक्षा अरुंद. जाणं आणि येणं असे दोन बोगदे धरून ५० किलोमीटरच्या वर खणलंय असं. मला गंमत वाटली ती तानसा-वैतरणाची, कारण मुंबईला पाणी पाजतात त्या आमच्याच बाजूच्या नद्या, शहापूरकडच्या, आणि मुंबईची भुयारं खणायला पण नावं त्यांचीच!

पण खरा आनंद मावशीला झाला. भाचा म्हणाला, माहीमच्या नयानगरला जे यंत्र उतरवलं त्याचं नाव कृष्णा. "आमची कृष्णा? इथं कशी आली ती?" मग धारावी ते दादर तिने काळोखाकडे जरा आपुलकीने बघितलं.

सिद्धिविनायक स्टेशन देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर. रांग होती, दर्शन झालं, मोदक घेतले. हे मात्र मानलं पाहिजे, ठाण्याहून सिद्धिविनायक म्हणजे आधी दादर, मग टॅक्सीवाल्यांची मनधरणी, नाहीतर बस, हा जो एक द्राविडी प्राणायाम असायचा तो गेला.

येताना एक स्टेशन मागे दादरला उतरलो, दहा रुपयांचं तिकीट. फक्त कोणी जात असेल तर लक्षात ठेवा, दादर मेट्रो आणि दादर रेल्वे ही एकाच जागी नाहीत. मेट्रो सेनाभवन, गोखले रोडच्या बाजूला वर येते आणि तिथून स्टेशनपर्यंत पायपीट. आम्हाला फरक पडला नाही, कारण वाटेत रानडे रोड, आणि रानडे रोडवरून मावशीला हलवणं मला आजवर जमलेलं नाही. दोन गाऊन, एक कुंकवाचा करंडा, भाच्याला सॉक्स. मग दादर-ठाणे फास्ट, आणि फर्स्ट क्लासचं तिकीट काढूनसुद्धा उभ्याने.

रविवार

मेगाब्लॉक. ठाणेकराला जास्त सांगायला नको. घरीच बसलो. संध्याकाळी कौपिनेश्वराला जाऊन तलावपाळीला चक्कर, भाच्याने पाणीपुरी हाणली.

तिथे कट्ट्यावर बसून त्याने ठाण्याच्या मेट्रोचा विषय काढला. मेट्रो ४ वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड करत कासारवडवलीपर्यंत येणार आहे, ३२ किलोमीटर, सगळी खांबांवरून, घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना ते खांब आणि ते पत्रे किती वर्षं बघतोय ते विचारा. आणि दुसरी ठाण्याच्या आतल्या आत फिरणारी गोल मेट्रो, केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली, २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी. त्यातली जमिनीखाली किती? दोन. फक्त ३ किलोमीटर भुयारातून, बाकी २६ वरून.

"का पण?" मावशी.

पैसे, दुसरं काय. भुयार वरच्या मार्गापेक्षा कितीतरी महाग पडतं, एकट्या मेट्रो ३ चा खर्च ३७,००० कोटींच्या वर गेला आणि त्यातला मोठा वाटा जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा. मला हे कळतं. पण ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर उभं राहून वर बघा आणि विचार करा इथून खांब न्यायचे तर काय उरेल. जुन्या, दाटीच्या वस्तीत भुयारच पाहिजे आणि मोकळ्या रस्त्यावर वरून न्या, असं माझं सरळ मत. वरच्या मेट्रोतून लोकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूम दिसतात, हे प्रवाशाला गमतीचं असेल पण बेडरूमवाल्याला नाही.

गोल मेट्रोला २०२९ चं टार्गेट आहे असं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे मी अकरावीत." मावशीने तलावाकडे बघत काहीतरी हिशेब केला, आणि तो काय होता ते मी विचारलं नाही.

सोमवार

हा दिवस खरा. दुपारची गाडी घेतली, ठाणे ते सीएसएमटी. याच वाटेवरून १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी आली होती, बोरीबंदरहून ठाण्याला, ३४ किलोमीटर. लंडनची पहिली भुयारी रेल्वे १८६३ ची, म्हणजे आपल्यानंतर दहाच वर्षांनी त्यांनी गाडी जमिनीखाली घातली आणि मुंबईला त्यासाठी २०२४ उजाडावं लागलं. (पहिला टप्पा आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ ला, मग मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि आता कफ परेड.)

सीएसएमटीच्या सबवेतून आत शिरलो आणि एकच स्टेशन जाऊन हुतात्मा चौकाला उतरलो. वर आलो आणि समोर फ्लोरा फाउंटन. हे मला फार आवडलं. लोकलने, बसने येताना शहर हळूहळू येतं, आधी मागच्या भिंती, मग गोदामं, मग रस्ता. भुयारातून येताना मध्ये काहीच नसतं. काळोख, जिना, ऊन, आणि एकदम १८६४ सालचं कारंजं आणि चारही बाजूंना दगडी इमारती. भुयारी स्टेशन चांगलं की वाईट ते मी आता एवढ्यावरच ठरवते, की बाहेरचं दार नेमकं कुठे उघडतं.

मावशी हुतात्मा स्मारकापाशी बराच वेळ थांबली. २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराच्या गोष्टी तिने माझ्या आजोबांकडून ऐकलेल्या, ते तेव्हा मुंबईत नोकरीला होते. तिने चप्पल काढून नमस्कार केला. भाच्याला तिने १ मे १९६० विचारलं, त्याला आलं, मग "त्याच्या आधी काय झालं ते पण पाठ कर" म्हणून दटावलं.

तिथून गिरगाव. मध्ये काळबादेवी. आता या दोन स्टेशनांचं काम जरा वेगळं आहे, आणि भाच्याला ते सांगताना ठसका लागेपर्यंत उत्साह. दादर किंवा सिद्धिविनायकसारख्या ठिकाणी रस्ता वरून उघडला, खड्डा खणला, स्टेशन बांधलं आणि वरून झाकलं. म्हणून तर ते रस्ते वर्षानुवर्षं पत्रे लावून बंद होते. पण गिरगावात रस्ताच केवढासा! तिथे उघडायचं काय? मग एका बाजूला विवर खणून खाली उतरायचं आणि आतूनच थोडा थोडा खडक फोडत, लगेच त्यावर काँक्रीटचा फवारा मारून तो धरून ठेवत स्टेशनाची पोकळी करायची. वर लोक भाजी घेतायत आणि खाली हे चाललेलं. फोर्टात तर शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतींखालून बोगदा गेलाय, डी. एन. रोडवरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटचं प्रकरण त्यावरून हायकोर्टात गेलं होतं, आणि कामाच्या आवाजावरून रात्रीचं काम कोर्टाने थांबवलेलं ते वेगळंच.

गिरगावला वर आलो तर मावशी गप्प. तिच्या चुलत सासूबाईंची चाळ इथे होती, लग्नानंतर पहिली दिवाळी तिने तिथे केली होती, दोन खोल्यांत चौदा माणसं. ती चाळ आता नाही. मेट्रोसाठी गेली की आधीच बिल्डरकडे गेली ते तिला नक्की सांगता येईना. मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती पडल्या हे खरं, तिथल्या लोकांना तिथेच नवीन इमारतीत घरं द्यायची असं ठरलं हेही खरं, पण मधली वर्षं माणसांनी कुठे कुठे भाड्याने काढली. हातगाडीवर पेरू घेताना एक आजोबा भेटले, गिरगावातलेच, मावशीने त्यांना विचारलं मेट्रो कशी वाटते. ते म्हणाले, "गाडी झकास आहे हो. पण बसणारे गिरगावकर उरलेत किती ते मोजा." आणि मग म्हणाले, "मी रोज जातो मात्र. नातू बीकेसीला आहे, त्याच्या ऑफिसखाली जाऊन चहा पिऊन येतो."

ठाकूरद्वारला विनयमध्ये मिसळ खाल्ली, वर पियूष घेतलं. मामलेदारच्या मिसळीवर वाढलेल्या ठाणेकराला ती गोडुस वाटते, पण हे गिरगावात मोठ्याने बोलू नये.

पुन्हा खाली. ग्रँट रोड आणि पुढचं जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबई सेंट्रलचं. इथे आम्ही मुद्दाम उतरलो, कारण नाव वाचल्यावर मलाच राहवेना. नाना शंकरशेट मूळचे मुरबाडचे, म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्यातले. १८४५ साली मुंबईत रेल्वे आणायची म्हणून जी मंडळी पुढे झाली त्यात ते आणि जमशेटजी जीजीभॉय होते, आणि पहिली गाडी धावली ती आमच्या ठाण्याला. त्या माणसाचं नाव मुंबईतल्या एका रेल्वे स्टेशनला लागायला इतकी वर्षं लागली आणि लागलं ते जमिनीच्या पोटात का होईना. मी मावशीला पाटीखाली उभं करून फोटो काढला. ती म्हणाली, "मुरबाडचे का? मग ठाण्याच्या मेट्रोला पण द्या त्यांचं नाव." सूचना चांगली आहे, कोणीतरी ऐका.

पुढच्या गाडीत बसून तिने महालक्ष्मी नाव ऐकलं आणि उठायलाच लागली. तिला बसवलं. देवीचं देऊळ या स्टेशनच्या दारात नाही, टॅक्सी करावी लागते, महालक्ष्मी म्हणजे इथे रेल्वे स्टेशनजवळचं महालक्ष्मी. नंतर सायन्स सेंटर, मग आचार्य अत्रे चौक. याच स्टेशनात सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांतच, २६ मे च्या पावसात पाणी शिरलं होतं, व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. आम्ही बघितलं तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत, पण पुढचे दोन-तीन पावसाळे जाऊ देत, मग मी पूर्ण शाबासकी देईन. मुंबईच्या पावसाला अजून कोणी सर्टिफिकेट दिलेलं नाही.

मरोळपर्यंत मावशी चक्क झोपली. पिशवी मांडीवर, तोंड उघडं, गाडी थांबतेय सुटतेय काही कळत नाही, हिसका नाही, खडखडाट नाही. घाटकोपरला संध्याकाळच्या गर्दीत शिरलो आणि खाडकन जागी झाली. तिथून ठाण्यापर्यंत एका पायावर. "बोगद्यातच बरं होतं," म्हणाली. खरंय, पण तो बोगदा ठाण्याला येत नाही ना.

मंगळवार

दादाला बंगलोरला जायचं होतं, टी-टूवरून विमान. एरवी ठाण्याहून एअरपोर्ट म्हणजे कॅब, आणि कॅब म्हणजे ऐरोलीपासून, नाहीतर पवईपासून जे काही नशिबात असेल ते. संध्याकाळी कधी दीड तास, कधी दोन, कधी विमान गेलेलं. भाच्याने फर्मान काढलं, मेट्रोने जायचं. दादाची कुरकुर की बॅग आहे. एक छोटी बॅग होती, केबिनची.

सकाळी लोकल, घाटकोपर, मेट्रो १, मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने फक्त एक स्टेशन. स्टेशनातून टर्मिनलपर्यंत थोडं चालावं लागतं, पण वेळेचा जो अंदाज असतो ना, तो बरोबर आला. घरातून निघताना सांगितलं होतं इतक्या वाजता पोचू आणि तितक्याच वाजता पोचलो. मुंबईत हे सुख पैशाने मिळत नाही, आणि इथे या शेवटच्या भागाला चहापेक्षा कमी पैसे पडले. (एअरपोर्टवरचा चहा म्हणतेय मी.) मोठ्या दोन बॅगा आणि लहान मूल असेल तर मात्र नका करू, घाटकोपरचा पूल चढताना माझी आठवण काढाल, आणि चांगल्या शब्दांत नाही.

दादा गेला, आम्ही उलट्या दिशेला आरेपर्यंत जाऊन आलो. मरोळ, एमआयडीसी, सीप्झ, आणि मग ते होतं. खिडकीतला काळोख फिका पडतो, राखाडी होतो, मग एकदम उजेड आणि हिरवं. आरे हे या लाइनवरचं एकमेव जमिनीवरचं स्टेशन. डब्यातल्या सगळ्यांनी मोबाइलवरून मान वर केली. मावशी म्हणाली, "आली बाई खिडकी कामाला."

त्या हिरव्याबद्दल मात्र माझ्या मनात अजून गाठ आहे. गाड्या ठेवायचा डेपो आरेत नको म्हणून किती माणसं रस्त्यावर आली होती, ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून दोन हजारांवर झाडं कापली, सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोपर्यंत बरीच गेलेली. मग डेपो कांजूरला न्यायचं ठरलं, मग २०२२ मध्ये परत आरेलाच आला. माझी मैत्रीण तेव्हा तिथे उभी होती, ती अजून या लाइनने जात नाही. मी जाते, मला आवडते, आणि तिचं पण पटतं. भाच्याला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, "डेपो पण जमिनीखाली करता आला असता का?" मला काही उत्तर सुचलं नाही, कोणी इंजिनीअर वाचत असेल तर सांगा.

येताना मावशी सरकत्या जिन्यावर एकटी पुढे. पदर खोचलेला, हात पट्ट्यावर, आणि मागच्या एका बाईला सांगतेय, "पायरीकडे बघू नका, उजवा पाय टाका."

बुधवार

रात्रीच्या गाडीने मावशी परत. दिवसभर तिचा फोन चालू. मिरजेच्या भिशीतल्या सगळ्यांना सांगून झालं, जानेवारीत अकरा जणी येणार आहेत, सिद्धिविनायक, गिरगाव आणि "ते आरेचं उजेड येतो ते", असा प्रोग्रॅम तिने परस्पर ठरवलाय. मुक्काम अर्थातच आमच्याकडे, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

भाच्याला तिने काम लावलंय. कुठल्या स्टेशनला कुठल्या दारापाशी लिफ्ट आहे, कुठे सरकता जिना आहे आणि कुठे पायऱ्या, याची यादी मोठ्या अक्षरात लिहून पाठवायची, कारण त्यातल्या चौघींचे गुडघे गेलेत आणि एकीचं नुकतंच ऑपरेशन झालंय. तो दर शनिवारी चार-चार स्टेशनं करणार म्हणे. पैसे मावशीआजी देणार, सोबत आत्याने जायचं.

पहिली खेप येत्या शनिवारी, कफ परेडपासून सुरुवात.